चौघांची लढाई, एकट्याची तलवार

१८ डिसेंबर १९८७ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर 'फायनल फॅन्टसी'ची पहिली कॅसेट आली. कंपनी स्क्वेअर, सूत्रधार हिरोनोबू साकागुची. लढाई सुरू झाली की पडद्यावर डावीकडे राक्षसांचं टोळकं, उजवीकडे एकाखाली एक उभे असलेले चार बुटके लढवय्ये आणि खाली मेनू. आधी चौघांनाही एकेक करून हुकूम द्यायचे: तू मार, तू औषध घे, तू आग लाव. चौथ्याचा हुकूम देऊन झाला, की मग यंत्र सगळ्यांचे हुकूम, राक्षसांचेसुद्धा, आपल्या मर्जीच्या क्रमाने अमलात आणणार. आता समजा, चौघांनाही एकाच गॉब्लिनवर सोडलं आणि तो दुसऱ्याच घावात आडवा झाला. मग उरलेले दोघे काय करत? गॉब्लिन जिथे होता त्या मोकळ्या जागेवर इमानेइतबारे तलवार चालवत, आणि वार फुकट गेल्याची पाटी पडद्यावर येई.

आज पहिल्यांदा हा भाग खेळणाऱ्याला हा निव्वळ बावळटपणा वाटतो. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ही खोड काढून टाकली आहे. समोरचा मेला की लढवय्या आपोआप दुसरा गाठतो. सोय झाली, नाही कशाला म्हणा! पण त्या फुकट गेलेल्या वारामागे एक हिशेब होता. हा दोघांत मरेल की तिसराही लागेल? तिसरा लावला आणि नको होता, तर बाजूचा लांडगा आपल्या पांढऱ्या जादूगाराला फाडेल. म्हणजे हुकूम देणाऱ्याला आपल्या प्रत्येक माणसाच्या हाताचं वजन माहीत असावं लागे. या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो.

फायनल फॅन्टसीचे क्रमांक दिलेले मुख्य भाग आजवर सोळा झाले. त्यांच्या कथा एकमेकींना जोडलेल्या नाहीत; जग नवं, माणसं नवी. सामायिक आहेत ती काही नावं, काही प्राणी, औषधं, मंत्र. आणि दर भागात लढण्याची रीत मोडून नव्याने मांडायची ही खोड. दुसरी कुठलीही मोठी मालिका इतक्या बेपर्वाईने स्वतःचं घर पाडत नाही. 'ड्रॅगन क्वेस्ट' या थोरल्या प्रतिस्पर्ध्याने १९८६ साली धरलेली आळीपाळीची रीत मुख्य भागांत जवळजवळ तशीच सांभाळली, आणि जपानमध्ये तिच्यावर लोकांनी भरभरून प्रेम केलं. फायनल फॅन्टसीला ते स्वस्थपण कधी मानवलं नाही.

या बदलांची एक रूढ गोष्ट आहे. पूर्वी यंत्रं दुबळी होती म्हणून टर्न-बेस्ड लढाई होती, एक जण मारणार, दुसरा थांबणार. यंत्रं दमदार झाली तशी लढाई सुटली, वेगवान झाली, आणि २०२३ सालच्या सोळाव्या भागात ती खऱ्या तलवारबाजीपर्यंत पोचली. ही गोष्ट ऐकायला सरळ आहे आणि माझ्या मते ती महत्त्वाचं काही सांगत नाही. पाळी गेली, थांबणं गेलं, हे खरंच. पण त्याहून मोठा बदल माणसांच्या संख्येत झाला. १९८७ साली खेळणाऱ्याच्या हाताखाली चार जण होते. २०२३ साली एक आहे. मधल्या छत्तीस वर्षांत लढाईच्या प्रत्येक नव्या रीतीने एकाच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं: हुकूम देणाऱ्याने आपल्या माणसांपासून किती लांब उभं राहायचं?

आपल्याकडच्या वाचकाला हा प्रवास क्रमाने भेटलेला नाही. नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या टीव्ही गेमच्या कॅसेटींत मारिओ आणि कॉन्ट्रा असत, जपानी मजकुराने गच्च भरलेला हा खेळ नसे. पुढे कुणी कॉम्प्युटरवर सातवा खेळला, कुणी प्लेस्टेशन २ वर दहावा, कुणी एम्युलेटर शोधून मागे गेला, तर अलीकडच्या पिढीने थेट पंधराव्यापासून सुरुवात केली. जो भाग पहिला हाती लागला तोच 'खरा' आणि बाकीचे बिघडलेले, असं वाटणं त्यामुळे साहजिक आहे. पुढची प्रकरणं म्हणून काळाच्या क्रमाने लावली आहेत.

पहिल्या भागाची लढाई अकितोशी कावाझू यांनी रचली. त्यांच्यासमोर नमुना होता तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या अमेरिकी खेळाचा. मंत्रांना पातळ्या आणि प्रत्येक पातळीचे मोजकेच प्रयोग, आगीला भिणारे आणि बर्फाला भिणारे राक्षस, हे सगळं तिथलं. कोड लिहिला तो नासिर गेबेली या इराणी-अमेरिकी प्रोग्रामरने. त्यात चुकाही राहिल्या: बुद्धीचा आकडा मूळ आवृत्तीत मंत्रांच्या जोरावर काहीच परिणाम करत नसे, काही मंत्र तर नुसतेच म्हटले जात. कुणाचं फारसं बिघडलं नाही, कारण पहिल्या भागातली खरी लढाई एका राक्षसाशी नव्हतीच. गुहेत शिरताना मंत्र मोजके, औषधं मोजकी, आत सेव्ह करायची सोय नाही. सेव्ह व्हायचं ते सराईत किंवा बाहेर माळावर तंबू ठोकून. पाच मजले खाली उतरायचं, पेटी उघडायची आणि तेवढेच मजले जिवंत परत चढायचे. प्रत्येक लहानसहान चकमक त्या शिदोरीतून थोडं थोडं काढून नेई. लढाईचं एकक एक चकमक नसून अख्खी खेप होतं. हे लक्षात ठेवावं, कारण पुढे तेराव्या भागात नेमकं उलट घडतं.

कावाझूंना दुसऱ्या भागात (१९८८) मोकळं रान मिळालं. लढून मिळवलेल्या अनुभवाने चढणारी लेव्हल ही कल्पनाच त्यांनी काढून टाकली. जे कराल तेच वाढेल: तलवार चालवली तर तलवार, मार खाल्ला तर अंगातली ताकद. कल्पना देखणी. पण खेळणारे कल्पनेच्या सौंदर्यावर थोडेच जगतात? मार खाल्ल्याने ताकद वाढते म्हटल्यावर लोकांनी दुबळ्या राक्षसासमोर उभं राहून आपल्याच माणसांना आपल्याच माणसांकडून चोप द्यायला सुरुवात केली. शिवाय हुकूम देऊन तो रद्द केला तरी सराव धरला जाई, त्यामुळे बटण दाबा, रद्द करा, दाबा, रद्द करा असा उद्योगही चाले. या भागाची थट्टा करण्याची पद्धत आहे. मला मात्र तो मालिकेतला पहिला प्रामाणिक प्रयोग वाटतो, आणि कावाझूंनी ती रीत पुढे 'सागा' या स्वतंत्र मालिकेत वर्षानुवर्षं घासूनपुसून वापरली. तिसऱ्या भागाने (१९९०) लेव्हल परत आणली आणि पेशा बदलायची सोय दिली: आज योद्धा, उद्या जादूगार. मेलेल्या राक्षसावरचे फुकट वारही याच भागात थांबले.

मग १९९१. सुपर फॅमिकॉमवरचा चौथा भाग आणि त्याची लढाई रचणारे हिरोयुकी इतो. फॉर्म्युला वन शर्यतीत वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या एकमेकींना मागे टाकताना पाहून त्यांना एक कल्पना सुचली. लढाईत प्रत्येकाचं घड्याळ वेगळं का नसावं? चपळ माणसाचं घड्याळ लवकर भरेल, चिलखतात अडकलेल्याचं उशिरा, आणि राक्षसाचं घड्याळ तुमच्यासाठी मुळीच थांबणार नाही. ॲक्टिव्ह टाइम बॅटल, खेळणाऱ्यांच्या तोंडी एटीबी. स्क्वेअरने तिचं पेटंटही घेतलं. मेनू उघडून कुठलं औषध द्यावं याचा विचार करत बसलात तर तेवढ्यात समोरचा येऊन फटका मारून जातो. लढाईत घाई आली, घाईत चुका आल्या आणि चुकांबरोबर घामही.

पण एटीबीचं कौतुक करताना चौथ्या भागाची दुसरी करामत झाकली जाते. तिथे माणसांचे पेशे पक्के होते, बदलता येत नव्हते, आणि त्यामुळे लढाईचे आकडे कथा सांगू लागले. तेल्ला हा म्हातारा ऋषी घ्या. मुलीच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघालेला. त्याला मेटिओ हा महामंत्र मिळतो. मंत्राला ९९ एमपी, म्हणजे मंत्रशक्तीचे गुण, लागतात. तेल्लाची झोळी ९० ची आहे आणि कितीही लेव्हल वाढवली तरी ती ९० चीच राहते. खेळणारा मेनू उघडतो, मंत्र दिसतो, पण चालवता येत नाही. म्हातारपण म्हणजे काय हे त्या नऊ आकड्यांच्या तुटीत आहे. शेवटी तो मंत्र म्हणतोच, उरलेली किंमत प्राणांनी भरून. त्याच भागात काळा सरदार सेसिल पापक्षालनासाठी डोंगर चढतो आणि तिथे त्याला स्वतःचंच काळं रूप लढायला येतं. तोवरच्या सगळ्या सवयीनुसार बोट हल्ल्याच्या हुकमाकडे जातं. जिंकायचं असेल तर हल्ला करायचा नाही; मार सोसत उभं राहायचं. संवादांच्या पानांनी जे साधलं नसतं ते एका न दाबलेल्या बटणाने साधलं.

पाचव्या (१९९२) आणि सहाव्या (१९९४) भागांनी हीच गाडी दोन दिशांना नेली. पाचव्याने पेशांची अशी काही मिसळ करू दिली, की आजही त्याचे भक्त 'फोर जॉब फिएस्टा'च्या निमित्ताने चिठ्ठ्या टाकल्यासारखे चारच पेशे वाट्याला घेऊन अख्खा खेळ पार करून दाखवतात. सहाव्यात चौदा माणसं, आणि प्रत्येकाच्या हाताला वेगळी चव: सेबिन कुस्तीचे डाव बटणांच्या क्रमाने टाकणार, सायन तलवार उपसण्याआधी आकडा चढेपर्यंत वाट पाहणार. एक भुताची आगगाडी बॉस म्हणून अंगावर येते. गाडी भुताची, म्हणजे ती मेलेल्यांत जमा. म्हणून मेलेल्या साथीदाराला उठवणारं फिनिक्सचं पीस तिच्यावर फेकलं की गाडी जागच्या जागी खलास. नियम सगळ्यांना सारखा, आगगाडीलासुद्धा! आणि शेवटच्या बुरुजात एक टोळी पुरत नाही, तीन कराव्या लागतात. एका टोळीने कळ दाबून धरल्याशिवाय दुसरीचं दार उघडत नाही. ज्यांनी आवडत्या चौघांनाच पोसलं आणि बाकीच्यांना विमानात बसवून ठेवलं, त्यांची इथे पंचाईत होते. टोळी सांभाळणं म्हणजे काय, हे या मालिकेने इतकं स्पष्ट पुन्हा कधी विचारलं नाही.

प्लेस्टेशन आलं आणि पैसा, सीडी, त्रिमिती सगळं एकदम आलं. सातवा भाग (१९९७) जगभर गाजला, जपानबाहेर या मालिकेचं नाव घरोघरी नेणारा तोच. त्याबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली येतो लोकांचा. लढाईपुरतं बोलायचं तर त्याने टोळी तिघांवर आणली आणि मटेरिया नावाचे रंगीत खडे दिले. शस्त्राच्या खाचेत खडा बसवला की मंत्र आला, काढला की गेला. जोडखाचेत दोन खडे शेजारी ठेवले की त्यांचं एकमेकांशी जुळतं. मजा अफाट. किंमत अशी की खडे काढले तर नायक क्लाउड काय, त्याची साथीदार टीफा काय, फरक उरतो तो मुख्यतः मार खाऊन खाऊन भरणाऱ्या लिमिट ब्रेकपुरता. माणसं खुंट्या झाली; खडे टांगायचे. तेल्लाच्या नव्वद आकड्यांसारखं काही इथे घडूच शकत नाही. शिवाय नाइट्स ऑफ द राउंडला बोलावलं की तेरा सरदार एकामागोमाग येऊन वार करून जातात, आणि मिनिटाहून अधिक काळ कंट्रोलर मांडीवर ठेवून बघत बसायचं. पडद्याला सिनेमा व्हायची घाई लागली होती.

आठवा (१९९९) हा मालिकेतला सर्वांत चमत्कारिक भाग. मंत्र म्हणजे साठवायची वस्तू झाली. शत्रूकडून ओढून घ्यायची, एकेकाच्या शंभर प्रती करायच्या आणि त्या अंगाला जोडून ताकद वाढवायची. ओढत बसणं कमालीचं कंटाळवाणं आहे, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावं. पण त्याच्या पोटात एक खट्याळ यंत्र दडलेलं आहे. शत्रू तुमच्या लेव्हलबरोबर वाढतात. म्हणजे लेव्हल वाढवणं हाच तोटा! मग हुशार खेळाडू राक्षसांना मारण्याऐवजी पत्त्यांत बदलतो, पत्त्यांतून मंत्र काढतो, लेव्हल मुद्दाम खाली ठेवतो आणि दुबळ्या जगात पहिलवान होऊन फिरतो. मारामारीच्या खेळात न मारणाऱ्याला बक्षीस. नववा (२०००) इतो यांनीच दिग्दर्शित केला आणि चौघांची, पक्क्या पेशांची टोळी परत आणली. पण लढाई इतकी रेंगाळणारी की त्याच्या गोड स्वभावावर प्रेम असूनही मी तो पुन्हा खेळायला घेताना दोनदा विचार करतो.

दहाव्या भागात (२००१) घड्याळ पुन्हा थांबलं. तोशिरो त्सुचिदा यांनी पडद्याच्या कडेला येणाऱ्या पाळ्यांची रांग उघडी ठेवली: आता टीडस, मग राक्षस, मग युना, पुन्हा राक्षस. एखाद्या हुकमावर नुसतं बोट नेलं की, दाबण्याआधीच, रांग कशी बदलेल ते दिसतं. जड डाव टाकलात तर तुमचं नाव खाली घसरतं. बुद्धिबळाच्या जवळ जाणारी ही रीत मला एटीबीहून वरच्या दर्जाची वाटते, आणि 'थांबणं म्हणजे मागासपणा' या समजुतीला ती दहाव्या भागाइतक्या झगमगीत खेळातून दिलेलं उत्तर आहे. शिवाय सात माणसांपैकी तीन मैदानात, पण बाकीच्या चौघांना कुठल्याही क्षणी आत घेता येतं. उडणारा पक्षी आला, वाक्काला बोलवा, त्याचा चेंडू पोचतो. कवचाचा प्राणी आला, ऑरनची तलवार कवच फोडते. लिबलिबीत फ्लॅन आला, लुलूचा मंत्र. एकेका चकमकीत सातही जणांची नावं तोंडी येतात. सहाव्या भागातला टोळीचा प्रश्न इथे रोजच्या कामाचा झाला.

अकरावा (२००२) आणि चौदावा हे ऑनलाइन भाग. त्यांना स्वतंत्र पुस्तकच लागेल, म्हणून इथे त्यांचं प्रकरण आखूड आहे. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. चौदावा २०१० साली साफ कोसळला आणि नाओकी योशिदांनी तो २०१३ साली पुन्हा उभा केला. त्यात बहुतेक मुख्य डावांना साधारण अडीच सेकंदांचं सामायिक घड्याळ आहे. ते भरेपर्यंत पुढचा डाव नाही. वेगवान दिसणाऱ्या त्या गर्दीच्या पोटात पाळी जिवंत आहे. आणि टोळीही, फक्त आता ती हाडामांसाची. बरे करणारा वेळेवर मंत्र म्हणत नसेल तर तो पोर्तुगालमध्ये बसून चहा पीत असण्याची शक्यता आहे.

बाराव्या भागाला (२००६) या पुस्तकात सगळ्यांत मोठं प्रकरण मिळालं आहे आणि तो पक्षपात मी लपवत नाही. इतो पुन्हा आले, आणि त्यांनी लढाईसाठी वेगळा पडदाच ठेवला नाही. राक्षस माळावर चरताना दिसतात, जवळ गेलात तर तिथेच जुंपते. तिघांना धावत्या लढाईत हुकूम देणं अशक्य, म्हणून आली गॅम्बिट. प्रत्येक माणसाला ओळी लिहून द्यायच्या: कुणाचं रक्त अर्ध्याखाली गेलं तर मलम लाव, समोरचा उडणारा असेल तर बाण मार, नाहीतर म्होरक्या ज्याला मारतोय त्याला मार. वरची ओळ आधी, खालची नंतर. आपण बाहेरगावी जाताना घरच्यांना चिठ्ठी लिहून ठेवतो ना, बेल वाजली तर आधी खिडकीतून बघा, दूध उतू चाललं तर सगळं सोडून आधी गॅस बंद करा, त्यातला क्रम चुकला तर काय होतं ते घरी आल्यावर कळतं. इथेही तसंच. 'मेलेल्याला उठव' ही ओळ 'जखमीला बरं कर' या ओळीखाली लिहिली, की दोघे जखमी असेपर्यंत तिसरा मेलेलाच पडून राहतो.

'खेळ स्वतःच स्वतःला खेळतो' असा आरोप बाराव्यावर झाला. आरोप खराच आहे, आणि तीच त्याची थोरवी. हाणामारी यंत्र करतं; माणूस आधी विचार करतो आणि मग आपला विचार कुठे तोकडा पडला ते उघड्या डोळ्यांनी बघतो. याझमॅट नावाचा एक ऐच्छिक राक्षस आहे, त्याचे एचपी, म्हणजे प्राणांचे गुण, ५ कोटींहून जास्त. त्याच्याशी लढाई तासन्‌तास चालते. तिथे बोटांची चपळाई कामाची नाही. चिठ्ठ्या किती चांगल्या लिहिल्या होत्या त्याचा तो निकाल. पहिल्या भागात मोकळ्या जागेवर तलवार चालवणारे दोघे आठवतात? हुकूम देणाऱ्याचा अंदाज चुकला की टोळी शहाणपण दाखवणार नाही, ही शिस्त एकोणीस वर्षांनी इथे परत आली, फक्त हुकूम आता आगाऊ लिहून द्यायचे होते.

तेराव्याची (२००९) यथेच्छ निंदा झाली आहे. पहिले कित्येक तास तो बोगद्यातून चालवतो, ते आहेच. त्सुचिदांच्या मंडळींना 'ॲडव्हेंट चिल्ड्रन' या २००५ च्या ॲनिमेशनपटासारखी लढाई हवी होती, उसळणारी, न थांबणारी. तेवढा वेग मेनूतून एकेक हुकूम देऊन साधत नाही. म्हणून हुकूम माणसाला न देता अख्ख्या टोळीच्या पवित्र्याला दिला. दोघे मारणारे, एक बरं करणारा. बटण दाबलं, तिघेही जादूगार. पुन्हा दाबलं, एक ढाल आणि दोघे वैद्य. सलग घावांनी शत्रूची साखळी, म्हणजे त्याला लागणाऱ्या माराचा गुणक, चढवायची तर रॅव्हेजर हा जादूगार लागतो, पण त्याने चढवलेली साखळी झरझर उतरते. ती धरून ठेवायला कमांडो हा मारणारा लागतो. कुठल्या क्षणी पवित्रा बदलायचा हे कळलं की ही लढाई मालिकेतल्या उत्तम लढायांपैकी एक आहे. दुर्दैवाने ते कळेपर्यंत बरेच लोक उठून गेले होते. दोन गोष्टी खटकतात. म्होरक्या मेला की खेळ खलास, बाकीचे दोघे धडधाकट आणि फिनिक्सचं पीस खिशात असलं तरी. आणि प्रत्येक चकमकीनंतर सगळ्यांच्या जखमा आपोआप बऱ्या. त्यामुळे प्रत्येक चकमक पूर्ण ताकदीची आखता आली, पण पहिल्या भागातली खेप, शिदोरी जपत परत येण्याची ती धास्ती, पार पुसली गेली. मालिकेच्या इतिहासातला हा सर्वांत कमी चर्चिला गेलेला बदल आहे, आणि मला तो पाळी जाण्याहून मोठा वाटतो.

पंधरावा (२०१६) चार मित्रांच्या मोटारप्रवासाचा. बटण दाबून धरा, नॉक्टिस वार करत राहतो. तलवार फेका, तो तिच्यामागे हवेतून जाऊन पोचतो. मित्र आपापले लढतात, अधूनमधून त्यांना एखादा डाव सांगता येतो, पण सुरुवातीच्या आवृत्तीत त्यांची सूत्रं हातात येत नसत. गंमत अशी की टोळीवर इतकी माया दुसऱ्या कुठल्या भागाने केली नसेल. रात्री मुक्कामाला इग्निस स्वयंपाक करतो, प्रॉम्प्टो दिवसभराचे फोटो दाखवतो, त्यांत सकाळच्या मारामारीचाही एखादा असतो. टोळी मेनूतून उठून शेकोटीपाशी गेली. लढाईत ती गर्दीसारखी आहे आणि जेवणाला घरच्यांसारखी.

सोळाव्यात (२०२३) तेही संपलं. 'डेव्हिल मे क्राय ५'वर काम केलेले र्‍योता सुझुकी लढाईचे प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी नायक क्लाइव्हच्या हाती जी तलवार दिली तिला तोड नाही. टायटनचा ठोसा, गरुडाची झेप, नेमक्या क्षणी हूल, सगळं लखलखीत. पण हुकूम ऐकणारा उरला तो एक कुत्रा, टोर्गल. आग-बर्फाच्या कमजोऱ्याही गेल्या, म्हणजे १९८७ पासूनचा तो हिशेबही गेला. ज्यांची बोटं तेवढी चपळ नाहीत त्यांच्यासाठी अंगठ्या आहेत: एक घातली तर हूल आपोआप, दुसरी घातली तर एकाच बटणावर देखणे डाव. अंगठीत नियमच आहे, 'वार आला तर बाजूला हो'. तो गॅम्बिटच की! फरक एवढाच की बाराव्यात ती ओळ मी लिहीत होतो, इथे ती कंपनीने लिहून, बंद करून दिली आहे.

याच काळात त्याच कंपनीच्या दुसऱ्या दालनात वेगळं उत्तर तयार झालं होतं. सातव्याच्या 'रीमेक'मध्ये (२०२०) तलवार तुम्ही स्वतः चालवता, आणि तसं केल्याने एटीबीची पट्टी भरते. पट्टी भरली की मेनू उघडा. जग अगदी मंद होतं, आणि तुम्ही मंत्र, औषध, डाव सावकाश निवडता. खरी कळ पुढे आहे. ज्याची सूत्रं तुमच्या हाती त्याची पट्टी झपाट्याने भरते, बाकीच्यांची रांगत. म्हणून सतत एकातून दुसऱ्यात उडी मारावी लागते: क्लाउडने आडवं पाडायचं, टीफाने ठोसे चढवायचे, एरिथने मागून वीज पाडायची. वेगही राहिला, थांबणंही राहिलं आणि टोळी परत आली. २०२४ च्या 'रीबर्थ'मध्ये जोडीने टाकायचे डाव आले, तेव्हा तर ती पुरती घरी आली. मूळ सातव्याने माणसांच्या खुंट्या केल्या होत्या. त्याच माणसांना सुमारे पंचवीस वर्षांनी वेगवेगळे हात मिळाले.

बाहेरच्या जगाचं म्हणाल, तर सोळावा आला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'बाल्डर्स गेट ३' आला, फाशांचा आणि पाळीचा, आणि त्या वर्षाचे मोठे पुरस्कार घेऊन गेला. २०२५ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या एका छोट्या स्टुडिओने 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३' आणला. त्यातही पाळी आहे; मात्र शत्रूच्या पाळीत हूल देण्यासाठी बटणावर बोट तयार ठेवावं लागतं. जुन्या फायनल फॅन्टसीवर वाढलेल्या लोकांनी केलेला तो खेळ आहे आणि ते लपत नाही. तरुणांना थांबणं सोसवत नाही हा सोळाव्यामागचा होरा इतका पक्का नव्हता, असं म्हणायला आता जागा आहे.

या पुस्तकात 'टॅक्टिक्स', 'किंगडम हार्ट्स' आणि मोबाइलवरचे असंख्य उपखेळ नाहीत. 'टॅक्टिक्स' वगळताना जिवावर आलं, पण चौकटींच्या पटावरची लढाई हा वेगळाच वंश आहे. जे वाचता वाचता खेळणार आहेत त्यांना दोन सूचना. पहिले सहा भाग आता 'पिक्सेल रीमास्टर' रूपात फोनवरही मिळतात. चौथ्यापासून पुढे सेटिंगमध्ये 'वेट' आणि 'ॲक्टिव्ह' असे पर्याय दिसतील, त्यांतला 'ॲक्टिव्ह' निवडा, नाहीतर इतोंच्या शर्यतीतल्या गाड्या मेनू उघडताच थबकतील. आणि बारावा खेळणार असाल तर इंटरनेटवरच्या तयार गॅम्बिट उतरवून घेऊ नका. आपल्या ओळी आपण लिहाव्यात, टोळी एकदोनदा वाळवंटात मरू द्यावी, आणि मग वरची ओळ खाली, खालची वर करून बघावी.